घराच्या कागदांना कुंकू

आमच्या घरात कर्ज हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नसे. हप्ता म्हणायचं, देणं म्हणायचं, अगदीच वेळ आली तर ‘त्यांचं तेवढं भागवायचंय’ म्हणायचं. ही माझ्या नवऱ्याची पद्धत. संकटाचं नाव घेतलं नाही तर ते दारावरूनच परत जाईल, अशी त्यांची लग्नाआधीपासूनची समजूत आहे. मी तशी नाही. मला भीती वाटली की मी बोलते आणि जास्त वाटली की भांडते. त्या वर्षी मी खूप भांडले.

अंबरनाथ पूर्वेला आमचा ब्लॉक. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेकडे उघडणारी लहानशी गॅलरी; राहणारे आम्ही दोघं, लहान मुलगी आणि सासूबाई. हे एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. ऐंशीच्या दशकात कंपनीतल्या लोकांच्या पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी हा ब्लॉक घेतला. घराचे मूळ कागद पतपेढीच्या कपाटात गहाण पडले आणि पगारातून हप्ता कापला जाऊ लागला. त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या जिन्यातल्या सगळ्यांचेच कागद कुठल्या ना कुठल्या कपाटात होते.

मग कंपनीत टाळेबंदी झाली. आज उघडेल, उद्या उघडेल करता करता पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहायला बसायचे. तेवढ्यावर घर कसं चालणार? माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. भिशी आधीच उचलली. यांनी महिन्याच्या व्याजाने दोघातिघांकडून पैसे आणले, त्यातल्या एकाचं तर मला व्याजवाला दारात आल्यावरच कळलं. पतपेढीचा हप्ता थकला तो थकलाच. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनी एकदाची उघडली, पगार सुरू झाला, पण पहिल्या आठवड्यातच त्याचे लचके तोडले जायचे. सगळं जायचं ते व्याजात. मुद्दल जिथल्या तिथे.

तेव्हा यांच्या एका सहकाऱ्याने वाट दाखवली. स्टेशनजवळच्या एका सहकारी बँकेत घर तारण ठेवून मोठं कर्ज मिळत होतं. त्यातून पतपेढी फेडायची, सोनार फेडायचा, व्याजवाल्यांना मोकळं करायचं आणि मग महिन्याला एकच हप्ता, एकाच जागी, कमी व्याजाने. ऐकायला सोपं होतं. फक्त घर पुन्हा पहिल्यापासून गहाण पडणार होतं, आणि तेही आधीपेक्षा जास्त वर्षांसाठी. मी म्हटलं, करा. रोज संध्याकाळी दाराची बेल वाजली की मी आधी पडद्याआडून बघायचे. एकाच माणसाला भ्यायचं असेल तर ते मला परवडणार होतं.

सासूबाईंना सांगायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं. माझा त्याला विरोध होता, पण फार जोराचा नव्हता. सासूबाईंचं सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. घरमालकाने दोनदा त्यांचं सामान बाहेर काढलं होतं. एकदा तर चुलीवर भात असताना. ती गोष्ट त्या दरवेळी भातापासूनच सुरू करायच्या. ह्या ब्लॉकचं कर्ज फिटायला किती वर्षं राहिली हे त्यांना आमच्याहून नीट माहीत होतं. त्यांना काय सांगणार होतो, की आता पुन्हा एकपासून मोजा?

अडचण वेगळीच निघाली. बँक म्हणाली, मूळ कागद आणा, मग पैसे देतो. पतपेढी म्हणाली, आधी सगळे पैसे भरा, मग कागद देतो. दोघांचंही बरोबर होतं आणि मधल्यामध्ये आम्ही लटकलो होतो. आठ-दहा दिवसांसाठी कुणीतरी पतपेढीची पूर्ण रक्कम हातात ठेवायला हवी होती. असा माणूसही त्याच सहकाऱ्याला माहीत होता.

विठ्ठलवाडीला राहायचे ते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कपाळाला अष्टगंध, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. सगळे त्यांना काका म्हणत. निवृत्तीचे पैसे ते असे लोकांच्या अडीनडीला वापरत, अर्थात फुकट नाही. रविवारी आम्ही दोघं गेलो. काकूंनी चहा आणि चिवडा दिला. काकांनी आमची सगळी हकिगत ऐकून घेतली, ब्लॉक कितव्या मजल्यावर, कुठल्या बाजूचा, सोसायटी झाली आहे का, हेही विचारलं. मग त्यांनी एक स्टँप पेपर पुढे केला. कोरा. खाली आम्ही दोघांनी सह्या करायच्या होत्या.

मी म्हटलं, ह्यावर काहीच लिहिलेलं नाही.

“कोराच असू दे ना,” काका म्हणाले. “तुमचं बँकेचं काम झालं की कोराच परत मिळेल. नाही झालं, तर मात्र मला काहीतरी लिहावं लागेल.”

काय लिहाल, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. ह्यांनी सही करून पेन माझ्याकडे दिलं. मीही केली. गुरुवारी पैसे मिळणार होते आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत ते परत करायचे होते.

मंगळवारी दवाखान्यातून घरी आले तर सासूबाई खुशीत होत्या. सकाळी त्या गॅलरीत पापड वाळत घालत होत्या आणि खाली कुणी एक वयस्कर गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. भले वाटले, म्हणाल्या. इमारत न्याहाळत होते, मग वर बघून विचारलं, आजी, पाणी कसं आहे इथे? सासूबाईंना आपल्या घराबद्दल कुणी विचारलं की झालं. त्यांनी वरूनच सगळं सांगितलं असणार. मी ऐकलं आणि कुकर लावायला गेले.

गुरुवारी ह्यांनी रजा घेतली, विठ्ठलवाडीहून पैसे आणले, पतपेढीत भरले. तिथे अध्यक्षांची सही, कपाटाची किल्ली, किल्लीवाल्याचं जेवण, असं करत कागद हातात पडले तोवर बँकेचा काउंटर बंद झाला होता. कागद एका दिवसासाठी घरी आले. घर घेतल्यापासून पहिल्यांदाच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती चळत ह्यांनी टेबलावर ठेवली आणि सासूबाईंनी विचारलं, काय रे ते?

“घराचे कागद,” हे म्हणाले. “सुटले.”

खोटं नव्हतं. पतपेढीतून सुटलेच होते. मी स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांनी माझी नजर टाळली. पदराने डोळे पुसून सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या, बराच वेळ. मला वाटलं, जाऊ दे, एक दिवस तरी बाई सुखाने झोपेल.

शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर घरात उदबत्तीचा वास होता. देवापुढे पाट मांडला होता, त्याभोवती रांगोळी होती आणि पाटावर आमचे कागद होते. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लागतं. शिलाई मशीनला लागलं होतं, गॅसच्या शेगडीला लागलं होतं. सासूबाईंनी कुंकू तेलात कालवून पहिल्या पानावर ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. वर हळद, अक्षता, जास्वंदीचं एक फूल. आणि हे सगळं बरोबर स्टँपच्या चौकोनावर, जिथे राजमुद्रेचे सिंह छापलेले असतात तिथे.

“सिंह दिसले मला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं देवीचंच असणार. तिथेच लावलं.”

त्यांचा चेहरा इतका आनंदी मी त्याआधी पाहिला नव्हता. फूल उचललं तर खाली स्टँपचा नंबर दिसेना. तेल खालच्या पानापर्यंत झिरपलं होतं. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि ते आणखी पसरलं. तेवढ्यात हे आले. त्यांनी पान पाहिलं, मग मला नुसती मान हलवून गप्प राहायला सांगितलं. सासूबाई प्रसादाची साखर वाटत होत्या. आम्ही दोघांनी ती खाल्ली.

बँकेतल्या अधिकाऱ्याने पान उजेडाकडे धरलं, उलटं केलं, मॅनेजरना दाखवलं. मॅनेजर भले होते, हसले नाहीत. पण नंबर वाचता येत नाही, नोंदणीचा शिक्का अर्धा बुडालाय, असा कागद तारण म्हणून घेता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वकिलांना विचारलं तर त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. उल्हासनगरच्या नोंदणी कचेरीतून त्याच कराराची नक्कल, शिक्क्यासह. आणि डाग कसा पडला त्याचं प्रतिज्ञापत्र, ज्यांच्या हातून पडला त्यांच्याच सहीने.

हे तडक उल्हासनगरला गेले. नकलेचा अर्ज घेतला गेला आणि पुढच्या आठवड्यात चौकशी करा, असं सांगण्यात आलं. पुढच्या आठवड्यात म्हणजे कधी, हे सांगायला तिथे कुणी मोकळं नव्हतं.

त्या शनिवार-रविवारी मी काय रांधलं आणि काय वाढलं ते मला आठवत नाही. डोळ्यांसमोर सारखा तो कोरा स्टँप पेपर यायचा. कुठल्या शाईने लिहितील, किती ओळी लिहितील, आमच्या सह्यांच्या वर किती जागा सोडली होती आपण, असले विचार. मुलीच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करताना मनात आलं की आपल्याला इथून जावं लागलं तर हिची शाळा कुठली? बदलापूरला नणंद होती, दोन खोल्यांत सहा माणसं. मी भिंतींकडे बघायचे आणि त्या आपल्या नसल्यासारख्या वाटायच्या. हे नेहमीसारखे पेपर वाचत बसले होते. मी पेपर हिसकावून घेतला. तेव्हा दिसलं की तो गेल्या आठवड्यातला होता.

प्रतिज्ञापत्रासाठी सासूबाईंना सांगणं भाग होतं. हे म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघण्याची वेळ गेली. रविवारी संध्याकाळी त्या वाती वळत होत्या. मी समोर बसले.

“आई, घर सुटलेलं नाही,” मी म्हटलं. “एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे ठेवतोय. जास्त वर्षांसाठी. आणि मध्ये आठ दिवस ते कुणाच्याच हातात नाही.”

मी सगळं सांगितलं. पाटल्या, व्याजवाले, विठ्ठलवाडी, कोरा कागद. त्यांच्या हातातली वात पीळ बसून तुटली, तरी बोटं चालूच होती.

“मग मी लावलेल्या कुंकवामुळे अडलंय का?”

मी त्यांच्या हातातली तुटलेली वात काढून घेतली. त्या काय समजायचं ते समजल्या. उठून त्यांनी देवघरातली कुंकवाची कोयरी उचलली आणि आत फडताळात, डब्यांच्या मागे ठेवून दिली. यांच्यावर त्या चिडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, कधी जायचंय सहीला?

सोमवारी रिक्षाने उल्हासनगरला गेलो. नोटरीच्या टायपिस्टने अर्धं हिंदीत अर्धं मराठीत विचारून मजकूर तयार केला. धार्मिक भावनेने, अनवधानाने, कोणताही गैरहेतू नसताना. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि मग एक-एक अक्षर काढत सही केली. गुन्हा कबूल करतात तशी. “माताजी, डरो मत, असं रोज येतं आपल्याकडे,” टायपिस्ट म्हणाला. असं रोज येत नसणार हे सासूबाईंनाही कळत होतं.

गुरुवार आला तरी नक्कल नव्हती. मुदत वाढवून मागावी म्हणून आम्ही विठ्ठलवाडीला निघालो, तर सासूबाई नऊवारी नेसून दारात तयार. मी येते, म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाकडे बघून कुणी नाही म्हणत नाही. मला ते पटलं. यांना नाही पटलं, पण त्यांनी रिक्षा बोलावली.

काकांनी दार उघडलं आणि सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या. काका मात्र हसले.

“या आजी. आपली ओळख आहे,” ते म्हणाले. “तुमच्या गॅलरीत पापड वाळत होते.”

मला ते समजायला एक क्षण लागला. कोपऱ्यात खुंटीला ती छत्री लटकत होती. काकूंनी चहा आणला. हे चाचरत बोलत होते, नक्कल, कचेरी, फक्त चार दिवस, वरचं व्याज देतो. काका मान हलवत ऐकत होते आणि मध्येच सासूबाईंकडे वळून म्हणाले, घर छान आहे हो तुमचं, सकाळचं ऊन येतं, आमच्या धाकट्याचं लग्न ठरतंय, त्याच्यासाठी असंच काहीसं बघतोय. ते अजिबात रागात नव्हते. ते रागाने बोलले असते तर मला भांडता आलं असतं. मी पहिल्यांदाच अशा माणसासमोर बसले होते ज्याच्याशी भांडायला जागाच नव्हती. मुदतीबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की शनिवार म्हणजे शनिवार.

परत येताना सासूबाई रिक्षात माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. घर जवळ आलं तेव्हा त्या बोलल्या.

“मीच सांगितलं त्यांना, पाणी भरपूर येतं म्हणून.”

शुक्रवारी हे उल्हासनगरच्या त्या कचेरीत जाऊन बसले. भांडले नाहीत, तो त्यांचा पिंडच नाही. नुसते बसले, कारकुनाच्या टेबलासमोरच्या बाकावर, सकाळपासून. कारकून जेवायला गेला तरी बसलेले, आला तरी बसलेले. त्यांचा जो स्वभाव मला आयुष्यभर नकोसा झाला त्याचे त्या एका दिवसापुरते मी उपकार मानते. शेवटी कंटाळून त्या माणसाने नक्कल काढली, शिक्का मारला आणि म्हणाला, आता घरी जा साहेब.

शनिवारी बँक अर्धा दिवस. सगळे कागद जमा झाले, आमच्या सह्या झाल्या, जामीनदारांच्या आधीच होत्या. काउंटर बंद व्हायच्या जेमतेम आधी पैसे हातात आले. मी पिशवी पोटाशी धरून विठ्ठलवाडीपर्यंत बसले होते. काकांनी शांतपणे नोटा मोजल्या, ड्रॉवर उघडला आणि तो स्टँप पेपर आमच्यापुढे ठेवला. कोराच होता. यांनी तो तिथल्या तिथे फाडला आणि तुकडे खिशात घातले. काका आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले.

“कधी विकायचं ठरलं, तर आधी मला सांगा हं,” ते म्हणाले.

पुढच्या पंधरा दिवसांत सोनार मिटला, पाटल्या परत आल्या, व्याजवाले मोकळे झाले. महिन्याला एक हप्ता राहिला. संध्याकाळची बेल वाजली की ती दूधवाल्याची किंवा शेजारणीची असायची. आमच्या जिवात जीव आला. सासूबाईंचं तसं झालं नाही. त्या गॅलरीत उभ्या राहायच्या बंद झाल्या. पापड आत पंख्याखाली वाळू लागले. अनोळखी माणसाने जिन्यात काही विचारलं तर त्या मान खाली घालून आत यायच्या. एकदा कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा होता. पूर्वी हातोडी घेऊन त्या स्वतःच स्टुलावर चढायच्या. आता स्टुलाशी उभं राहून त्यांनी मला विचारलं, अगं, भिंतीला भोक पाडलेलं बँकेला चालतं का? मी हसले. मग त्यांच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. दर महिन्याला पगाराच्या दिवशी त्या विचारायच्या, गेला का हप्ता? आम्ही गेला म्हटलं की त्या जेवायला बसायच्या.

कर्ज फिटलं तेव्हा मुलगी कॉलेजात होती आणि सासूबाईंना नीट दिसत नव्हतं. हे कागद घेऊन आले. ह्या वेळी त्यांनी मोठ्याने सांगितलं, आई, कर्ज फिटलं, सगळं फिटलं, आता कुणाकडे काही नाही. कर्ज हा शब्द त्यांच्या तोंडून इतका स्पष्ट मी प्रथमच ऐकला. मी देवापुढे पाट मांडला, रांगोळी काढली, कागद ठेवले. पहिल्या पानावरचं स्वस्तिक विटकरी पडलं होतं. फडताळातली कोयरी मी शोधून आणली, कुंकू तेलात कालवलं आणि सासूबाईंना हाताला धरून पाटाशी बसवलं. म्हटलं, आता लावा आई, कुठेही लावा.

त्यांनी हाताने चाचपत पान शोधलं. बोट कुंकवात बुडवलं, उचललं, आणि मग हळूच पदराला पुसून टाकलं.

“नको गं,” त्या म्हणाल्या. “राहू दे तसेच. कागद पुन्हा लागले तर?”